आधी तांबडा दिवा पाहा

वेम्बलीत राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका वृद्ध जोडप्याचा टीव्ही मध्यंतरी बंद पडला. चित्र नाही, आवाज नाही. आजोबांनी रिमोटमधील सेल बदलले, संचाच्या पाठीवर दोन थापा मारून पाहिल्या आणि आजींना सांगितले, "गेला." चार दिवस दोघे त्या काळ्या पडद्यासमोर बसून जेवली. मुलाला कळवावयाचे नाही, कारण तो मँचेस्टरला, कामाच्या रगाड्यात; त्याला उगीच घोर कशाला? पाचव्या दिवशी फोनवर आजींच्या तोंडून ते निसटलेच, आणि मुलाने तिथल्या तिथे नवा संच मागवला. नवा घेऊन येणारी माणसे जुना उचलून नेणार होती. ती येण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारचा, कॉलेजात जाणारा मुलगा रिकामा डबा परत द्यायला आला.

"आजोबा, टीव्हीचा दिवा लागतो का?"

"लागतो की, तांबडा. पण पडदाच काळा, त्या दिव्याला घेऊन काय करू?"

मुलाने रिमोटवरील मेनूचे बटण दाबले. पडदा लखलखीत उजळला आणि मेनू समोर आला. मग तो कपाटामागे वाकला. वाहिन्या ज्यातून येतात त्या बॉक्सचा प्लग सॉकेटमधून अर्धा बाहेर आला होता. चार दिवसांपूर्वी आजींनी कपाटामागची धूळ झाडली होती. संच दर वेळी सुरू केल्यावर काही क्षण पडद्याच्या कोपऱ्यात 'सिग्नल नाही' अशी बारीक इंग्रजी अक्षरे उमटत व जात. पण ती वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधेपर्यंत पडदा पुन्हा काळा होई. नवा संच परत पाठवता आला, एवढे नशीब.

हकीकत हसण्यासारखी आहे, आणि आजोबांनी ती आम्हांस हसतच सांगितली. पण ते चार दिवस आमच्या मनातून जात नाहीत. इथे ज्या घरांत दोनच म्हातारी माणसे राहतात, त्या घरांत टीव्ही ही निव्वळ करमणूक नसते. दिवसभर घरात कोणाचा तरी आवाज असतो, संध्याकाळची मराठी मालिका असते, गावाकडच्या पावसाची बातमी असते. तो आवाज बंद पडल्यावर घर किती शांत होते, हे दूर राहणाऱ्या मुलांना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून हा विषय आम्हांला अग्रलेखाच्या जागी घ्यावासा वाटला. कोणास तो क्षुल्लक वाटेल, तर वाटो.

"टीव्ही बंद पडला" या तीन शब्दांत निदान पाच निरनिराळे आजार दडलेले असतात. डॉक्टरांकडे जाऊन "बरे वाटत नाही" एवढेच सांगून आपण परत येत नाही. कुठे दुखते, केव्हापासून, ताप आहे का, हे डॉक्टर विचारतात. संचालाही तेच प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांतला पहिला प्रश्न त्या मुलाने बरोबर विचारला होता. दिवा लागतो का? दिवा लागत नसेल तर बिघाड विजेच्या बाजूला शोधावयाचा. दिवा लागत असेल तर संचात वीज पोचली आहे, आणि तपास पुढे सरकतो. (काही नवे संच चालू झाल्यावर दिवा मालवतात; तेव्हा संच बंद असताना दिवा आहे की नाही, ते पाहावे.)

दिवाच नाही, असे धरून चालू. आमच्या मंडळींची इथे एक हमखास चूक होते, आणि तिचे मूळ आपल्या देशातील सवयीत आहे. भारतात प्लगच्या आत फ्यूज नसतो. तो भिंतीवरच्या बोर्डात असतो, आणि लहानपणी आपण सर्वांनी वडिलांना मेणबत्तीच्या उजेडात चिनी मातीच्या कटआउटमध्ये तार गुंडाळताना पाहिलेले आहे. ब्रिटनमध्ये मात्र तीन पिनांच्या प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा एक छोटा नळीसारखा फ्यूज असतो. तीस तीस वर्षे या देशात काढलेल्या सुशिक्षित गृहस्थांनाही हे ठाऊक नसल्याचे आम्ही पाहिले आहे. तेव्हा प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. तो लागला तर सॉकेट ठीक आहे. मग टीव्हीची वायर मधल्या लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डातून काढून थेट भिंतीत लावावी. तरीही काही नाही, तर प्लग सॉकेटमधून पूर्ण काढून त्यातील फ्यूज बदलावा. फ्यूज किती अँपिअरचा आहे ते त्यावर छापलेले असते, आणि बदली त्याच आकड्याचा घालावा. टीव्हीच्या प्लगमध्ये बहुधा 3 किंवा 5 अँपिअरचा असतो. घरात 13 चा सापडला म्हणून तो ठोकून देणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. जाड फ्यूज घातला की संकटाच्या वेळी फ्यूज शाबूत राहून वायर जळते. आणि नवा फ्यूजही लगेच गेला, तर तिसरा घालू नये. बिघाड संचाच्या आत आहे.

दिवा आहे, पण रिमोट दाबून काही होत नाही, तर रिमोटवर विसंबू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबले की पुष्कळशा फोनांच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी दिसते. दिसली तर रिमोट जिवंत आहे. शिवाय संचावर एक तरी बटण असतेच. हल्ली ते पडद्याच्या खालच्या काठाखाली किंवा पाठीमागे असे लपवतात की चोरालाही सापडू नये! बोटाने चाचपून ते शोधून ठेवावे. त्यानेही काम झाले नाही, तर भिंतीवरचा स्विच बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि मग सुरू करावे. आजचा टीव्ही हा पोटात संगणक असलेला प्राणी आहे. तो अडकतो, आणि वीज तोडून पुन्हा दिली की कित्येकदा ताळ्यावर येतो.

दिवा आहे आणि मेनूही उमटतो, तर संच बहुधा निर्दोष समजावा. दोष बहुधा बाहेर असतो: बॉक्स, केबल, छपरावरची एरियल, किंवा रिमोटवरील 'सोर्स' या बटणाला नातवाचा लागलेला धक्का. या देशात तर प्रक्षेपणाच्या बाजूनेही अनेकदा पडदे काळे झाले आहेत. जुन्या पद्धतीचे अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद होत 2012 च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण थांबले. 2024 च्या जानेवारीपर्यंत बीबीसीने उपग्रहावरील साध्या प्रतीचे प्रक्षेपण बंद केले आणि जुन्या बॉक्सांवरच्या बीबीसी वाहिन्या गेल्या. दोन्ही वेळा चांगले संच विनाकारण बदनाम झाले. "रोज संध्याकाळी टीव्ही आपोआप बंद पडतो" अशी तक्रारही आम्ही ऐकली आहे. तो बिघाड नव्हे. चार तासांत कोणी बटणास हात लावला नाही, तर वीज वाचवण्यासाठी संचाने आपणहून बंद व्हावे, असा नियमच आहे. बहुतेक संचांत मेनूत जाऊन ते बदलता येते. दुपारी दोनला टीव्ही लावून विणकाम करत बसणाऱ्या आजींना हे कोणी सांगितलेले नसते.

उरला तो खरा बिघाड. त्यासाठी संध्याकाळी खोलीतले दिवे मालवावेत, टीव्ही सुरू करावा आणि पडद्याच्या अगदी जवळ टॉर्च तिरकी धरून पाहावे. काळ्या पडद्यात माणसे अंधूक हलताना दिसली, तर चित्र तयार होत आहे, फक्त त्यामागचा उजेड गेला आहे. एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे बारीक एलईडींच्या पट्ट्या असतात. अशा वेळी आवाज बहुधा चालू राहतो. पण काही संच उजेडात गडबड आहे असे जाणवताच सगळाच कारभार आवरतात, आणि मग एक-दोन सेकंद चित्र चमकून चित्र व आवाज दोन्ही जातात. तांबडा दिवा ठरावीक वेळा लुकलुकू लागतो. ते लुकलुकणे मोजून कागदावर लिहून ठेवावे. प्रत्येक कंपनीची खूण निराळी, पण दुरुस्ती करणाऱ्याला "तीनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तीनदा" एवढे सांगितले तरी त्याचा अर्धा तास वाचतो.

त्या पट्ट्यांतले एलईडी माळेसारखे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एक गेला की ती सबंध माळ अंधारते. 1960 च्या दशकात जी मंडळी या देशात आली, त्यांना हे वाचून काही आठवेल. तेव्हाच्या पुष्कळशा व्हॉल्व्हच्या संचांत सगळ्या व्हॉल्व्हच्या आतील तापणाऱ्या तारा अशाच एका माळेत असत. एक तार तुटली की सगळे व्हॉल्व्ह थंड, चित्र नाही, आवाज नाही! दुरुस्ती करणारा मागचे फळकूट काढून एकेक व्हॉल्व्ह तपासत जाई आणि नेमका मेलेला शोधून काढी. पुढे रंगीत संच आले. बीबीसी-2 वर रंगीत प्रक्षेपण 1 जुलै 1967 रोजी सुरू झाले. संच इतके महाग आणि इतके नाजूक, की बहुतेक कुटुंबे ते विकत न घेता भाड्याने आणत, आणि भाड्यातच दुरुस्तीही येई. त्या काळच्या कारागिराची एक युक्ती आम्हांला फार आवडते. संच सुरू करून तो हाताची पाठ पडद्यासमोरून फिरवी. हातावरची लव उभी राहिली, तर चित्रनळीला लागणारा सुमारे 25,000 व्होल्टचा दाब तयार होत आहे. लव स्वस्थ, तर बिघाड लाईन आउटपुटच्या बाजूला. अनेक संचांत आवाजाचा पुरवठाही तिथूनच निघे, म्हणून तो भाग गेला की चित्र आणि आवाज एकदम जात. मीटर पेटीतून निघायच्या आत निदान निम्मे झालेले असे.

आता ते कारागीर का राहिले नाहीत, याचे खापर एकट्या ग्राहकाच्या माथी फोडणे आम्हांस मान्य नाही. त्या वेळी संच महाग होता आणि माणसाचा तास स्वस्त. आज उलटे झाले आहे. लहानसा संच नवा आणावयास जेवढे पडते, त्याच्या जवळपास कारागिराचे येणे-जाणे, दोन तासांची मजुरी आणि एक सर्किट बोर्ड यांतच जाते. हा हिशेब खोटा नाही. पडद्याची काच तडकलेली असेल तर आम्हीही सांगू की त्यात पैसे घालू नका. पडदा हाच त्या संचातला सर्वांत महाग भाग. परंतु जो संच दिवाही न लावता निपचित पडला आहे, त्याचा बिघाड कित्येकदा वीजपुरवठ्याच्या बोर्डावरील एखाद्या कपॅसिटरचा असतो. आपले जुने रेडिओवाले ज्याला कंडेन्सर म्हणत, तोच हा. उष्णतेने तो आतून सुकतो, त्याचे सपाट डोके फुगून वर येते, आणि जाणत्याला ते नुसत्या नजरेने दिसते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. टीव्ही फायरप्लेसच्या वर, हीटरच्या झळीत टांगण्याची जी फॅशन आहे, तिच्याविषयी एवढे सांगितले म्हणजे पुरे. काही पेन्सांचा तो नग. आणि त्याच्यापायी आख्खा संच कचऱ्याच्या गाडीत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन विद्युत-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा करून पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला भाग होता 22.3 टक्के.

कोणी उत्साही वाचक हे वाचून स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला असेल, तर त्याने तो खाली ठेवावा. घरच्या माणसाने टीव्हीची पाठ उघडू नये. संच प्लगमधून काढल्यानंतरही वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट दडून राहू शकतात, आणि ते माणसाला मारण्यास पुरेसे आहेत. जुन्या चित्रनळीच्या संचाचे तर नावच घेऊ नये. जळका वास आला, धूर दिसला किंवा आत चटचट आवाज झाला, तर बाकी सर्व तपास सोडून भिंतीवरचा स्विच बंद करावा. आम्ही वर जे सांगितले, त्यासाठी पाठ उघडावी लागत नाही. डोळे, कान, एक टॉर्च आणि टेबलावरचा दिवा एवढ्यावर काम होते.

सरकारने काही केले आहे की नाही? केले आहे, पण अर्धवट. ग्रेट ब्रिटनमध्ये 1 जुलै 2021 पासून नवे नियम लागू झाले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'दुरुस्तीचा हक्क' असे भारदस्त नाव दिले. त्यांप्रमाणे टीव्हीच्या एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून निदान 7 वर्षे कंपनीने काही सुटे भाग उपलब्ध ठेवले पाहिजेत. त्यांत आतला वीजपुरवठा आहे, मोठे कपॅसिटर आहेत, केबल जोडण्याच्या जागा आहेत. परंतु हे भाग व्यावसायिक दुरुस्तीकारांनाच मिळतात. तुम्हां-आम्हांला हक्काने मिळावयाचे ते रिमोट आणि बाहेरचा अॅडॉप्टर. यादीत पडदा नाही, आणि मघाच्या त्या उजेडाच्या पट्ट्याही नाहीत. भागाची किंमत काय असावी यावर मर्यादा नाही. शंभर पौंडांच्या संचाचा भाग ऐंशी पौंडांना विकला, तरी नियम मोडत नाही. हक्क म्हणावयाचा तर तो एवढाच. आमच्या मते या यादीत एलईडीच्या पट्ट्या यावयास हव्यात आणि सुट्या भागांच्या किमती संच विकतानाच जाहीर व्हावयास हव्यात. आपल्या भागातील खासदाराला चार ओळी लिहावयास तिकिटाचाही खर्च येत नाही.

पण सरकारची वाट पाहत बसण्याची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही. 2009 साली मार्टिन पोस्टमा या बाईंनी ॲमस्टरडॅममध्ये पहिले 'रिपेअर कॅफे' भरवले. मोडकी वस्तू घेऊन यावे, जाणकाराने ती तुमच्या देखत उघडावी, तुम्ही चहा घ्यावा, असा तो प्रकार. 2012 पासून लंडनमध्ये 'रीस्टार्ट प्रोजेक्ट' ही संस्था त्याच धर्तीवर मेळावे भरवत आली आहे. आमचा प्रश्न असा, की हे आपल्या मंडळांत का होऊ नये? 1932 साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ धरून या देशात गावोगाव आपली मंडळे आहेत. गणपतीची आरास त्यांत होते, त्या आरासीच्या दिव्यांच्या माळा दरवर्षी कोणीतरी दुरुस्त करतोच. तो कोण असतो ते जरा पाहा. आमच्या वाचकांत आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेले लोक आहेत. तरुणपणी लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग धुंडाळत उन्हे काढलेले लोक आहेत. इथे आल्यावर कोणी गोदामात लागला, कोणी बस चालवली, कोणी टपाल खात्यात गेला. आता निवृत्त होऊन बागेत टोमॅटो लावतो आहे. त्यांच्या हातातली विद्या विचारावयास त्यांच्याकडे कोणी जात नाही, आणि मुलांना तर ती वडिलांपाशी होती हेही माहीत नसते.

यावर आक्षेप येईल तो आम्हांला ठाऊक आहे. उद्या कोणाच्या घरी हौशी माणसाने टीव्ही उघडला आणि घात झाला, तर जबाबदार कोण? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आमची सूचना दुरुस्तीची नाही, निदानाची आहे. महिन्यातून एक शनिवार, दोन तास. ज्यांच्या घरी संच बंद पडला त्यांनी फोन करावा, आणि पलीकडच्या काकांनी विचारावे: दिवा लागतो का? कोणत्या रंगाचा? मेनू येतो का? टॉर्च लावून पाहिली का? निम्मी प्रकरणे फोनवरच मिटतील अशी आमची अटकळ आहे. उरलेल्यांना निदान एवढे कळेल, की रीतसर कारागिराला बोलवावे की नव्या संचाचे पैसे काढावेत. आणि कारागीर बोलावल्यास नुसते तपासण्याचे किती घेणार, हे येण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि काय सापडले ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.

दूर राहणाऱ्या मुला-मुलींनाही एक सांगणे आहे. आईचा फोन आला की नवा संच मागवण्यापूर्वी व्हिडिओवर तिला टीव्हीसमोर उभे करा, आणि दिव्यापासून सुरुवात करा. वीस मिनिटे लागतील. ती मध्येच शेजारच्या लग्नाची गोष्ट सांगू लागेल, ती सांगू द्या.

त्या आजोबांनी आता बॉक्सच्या प्लगवर नेलपॉलिशने तांबडा ठिपका काढला आहे आणि सॉकेटवर तसाच दुसरा. हे दोन जुळले पाहिजेत, असे आजींना बजावले आहे. नेलपॉलिश आजींचेच, त्यामुळे त्यावरूनही थोडी बोलाचाली झाली. ज्या मंडळांना असा शनिवार सुरू करावयाचा असेल, त्यांनी ठिकाण, वेळ आणि फोन क्रमांक आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो या पानावर विनामूल्य छापू. ज्यांना काम येते, त्यांनी आपल्या मंडळाच्या चिटणीसांकडे नाव द्यावे, आणि येताना स्वतःची टॉर्च आणावी.